बदललेली सेटिंग राहते कुठे?

प्रिंटच्या खिडकीत ‘लेटर’च्या जागी ‘ए-फोर’ निवडलं, ओके दाबलं, कागद व्यवस्थित निघाला. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला तर पुन्हा लेटर. ग्रामपंचायतीच्या कार्यालयापासून बड्या कंपनीच्या अकाउंट्स विभागापर्यंत ही तक्रार सगळीकडे ऐकू येते आणि तिचं खापर फुटतं ते प्रिंटरवर. तो ‘विसरतो’ असं म्हणतात. बहुतेक वेळा त्याला ते कधी सांगितलेलंच नसतं. बदल झालेला असतो, पण त्या एका कागदापुरता, त्या एका प्रोग्रॅमपुरता किंवा त्या एका लॉगिनपुरता.

सेटिंग बदलणं आणि ती जतन करणं ही दोन वेगळी कामं आहेत. गेल्या चार दशकांत प्रिंटर आणि संगणक बनवणाऱ्यांनी ती कधी एकत्र आणली, कधी मुद्दाम वेगळी ठेवली. कुठे काय केलं हे मात्र वापरणाऱ्याला नीट कळेल अशा भाषेत फारसं कुणी सांगितलं नाही. छपाईतला वाया जाणारा वेळ आणि कागद यांचं एक मोठं कारण इथेच आहे.

सगळ्यात सरळ व्यवस्था सगळ्यात जुनी होती. 1980 मध्ये एप्सनचा एमएक्स-80 हा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर बाजारात आला. त्या काळातल्या अशा यंत्रांच्या आत सर्किट बोर्डावर डिप स्विच नावाच्या इवल्याशा पांढऱ्या खिट्यांची रांग असे. पेनाच्या टोकाने खिटी सरकवायची, की झालं. वीज गेली तरी खिटी जागची हलत नाही, त्यामुळे इथे बदलणं आणि जतन करणं एकच. पथ्य फक्त एक: प्रिंटर खिट्यांची स्थिती सुरू होतानाच वाचतो, म्हणून बदल केल्यावर तो बंद करून परत लावावा लागतो. हे माहीत नसलेल्या माणसाने खिटी हलवली, फरक दिसला नाही म्हणून पुन्हा पूर्ववत केली आणि ‘मशिन बिघडलंय’ असा निष्कर्ष काढला, असं सर्रास घडे.

या खिट्यांपैकी एखादी बहुतेक यंत्रांत कागदाची लांबी ठरवण्यासाठी असे: 11 इंच की 12 इंच. कडेला भोकं असलेल्या कंटिन्युअस स्टेशनरीवर ज्यांनी बिलं काढली आहेत, त्यांना या एका इंचाचं मोल ठाऊक आहे. इंचाला सहा ओळी धरल्या तर 11 इंची पानात 66 ओळी बसतात आणि 12 इंचीत 72. कागद 12 इंची लावला आणि प्रिंटर 11 इंची समजत राहिला, तर दुसऱ्या पानाचा मजकूर एक इंच वर सरकतो, तिसऱ्याचा दोन इंच आणि पाच-सहा पानांनंतर बिलाचं शीर्षक थेट आधीच्या पानाच्या मध्यावर छापलं जातं. ऑपरेटर मग दर पानाला चाक फिरवून कागद हाताने जुळवतो. पतसंस्था, ट्रान्सपोर्टची ऑफिसं, औषधांची होलसेल दुकानं अशा ठिकाणी असं हाताने जुळवणं वर्षानुवर्षं चालत आलं. खरा उपाय एका खिटीचा किंवा नंतरच्या यंत्रांत एका बटणाचा होता. त्या यंत्रांतून खिट्या गेल्या. ठरावीक बटण दाबून धरून प्रिंटर सुरू केला की तो सेटिंगची यादी स्वतःच कागदावर छापतो आणि बटणांनी पर्याय निवडता येतो.

लेझर प्रिंटर आले आणि हा सरळपणा संपला. एचपीचा पहिला लेझरजेट 1984 चा, ॲपलचा लेझररायटर 1985 चा. प्रिंटर आता स्वतःच एक छोटा संगणक होता आणि त्याला दोन प्रकारची मेमरी होती: वीज गेली की पुसली जाणारी आणि वीज गेली तरी टिकणारी. कोणता बदल कुठे लिहायचा हा प्रश्न इथे जन्माला आला. लेझररायटरच्या पोस्टस्क्रिप्ट भाषेत उत्तर कडक होतं. एका जॉबमध्ये केलेले बदल तो जॉब संपताच पुसले जात. कायमचा बदल करायचा तर पासवर्ड देऊन त्या चौकटीबाहेर पडावं लागे. कारखान्यातून येताना हा पासवर्ड शून्य असे आणि तो बदलण्याच्या भानगडीत फारसं कुणी पडत नसे. एचपीने पुढे जॉब नियंत्रणाची वेगळी भाषा आणली. तिच्यात हा फरक दोन आज्ञांत स्वच्छ मांडला आहे: ‘सेट’ म्हणजे या जॉबपुरतं, ‘डिफॉल्ट’ म्हणजे पुढच्या सगळ्यांसाठी. वापरणाऱ्याच्या पडद्यावर हे दोन शब्द इतक्या स्पष्टपणे आले असते, तर सर्व्हिसवाल्यांच्या निम्म्या फेऱ्या वाचल्या असत्या.

त्याच पिढीतल्या लेझरजेटच्या चिंचोळ्या पट्टीवर एक संदेश उमटे: ‘पीसी लोड लेटर’. इथे पीसी म्हणजे पेपर कॅसेट. कॅसेटमध्ये लेटर मापाचा कागद भरा, एवढंच त्याचं म्हणणं. ट्रेमध्ये ए-फोरची चळत असताना यंत्र कागद का मागतंय हे लोकांना उमगत नसे. 1999 च्या ‘ऑफिस स्पेस’ या अमेरिकन चित्रपटामुळे हा संदेश अजरामर झाला. त्यामागचा तिढा आजही तसाच आहे. अमेरिकेतलं लेटर माप 216 बाय 279 मिलिमीटर, तर भारतासह बहुतेक जग वापरतं ते ए-फोर 210 बाय 297. सॉफ्टवेअर अमेरिकेत लिहिलं जातं आणि इन्स्टॉल करताना देश-प्रांत नीट निवडला नाही, तर लेटरच मूळ माप म्हणून येतं. एका ठिकाणी लेटर आणि दुसऱ्या ठिकाणी ए-फोर झालं, की प्रिंटर थांबतो किंवा मजकूर गुपचूप लहान करून छापतो.

गुपचूप लहान करणं हे थांबण्यापेक्षा वाईट. ए-फोरवर मांडलेलं पान लेटरमध्ये बसवायचं तर ते साधारण 94 टक्क्यांवर आणावं लागतं. पत्रात हे कळणारही नाही. पण पासपोर्ट फोटोंची शीट असेल तर 35 बाय 45 मिलिमीटरचा फोटो 33 बाय 42 चा होऊन बसतो आणि खिडकीवरचा कारकून तो परत करतो. शिवणकामाचे पॅटर्न विकणारे म्हणूनच पानावर मोजमापाचा एक चौकोन छापतात: आधी पट्टी लावून बघा, मगच कापडाला कात्री लावा. पीडीएफ वाचणाऱ्या प्रोग्रॅममधला ‘फिट’ की ‘ॲक्च्युअल साइझ’ हा पर्याय आणि वर्डच्या आत खोलवर दडलेला, लेटर-ए-फोर यांचा आपोआप मेळ घालणारा पर्याय या दोन जागा पाहिल्याशिवाय अशा कामात प्रिंट काढूच नये.

सगळ्यात जास्त गोंधळ विंडोजमध्ये होतो, कारण तिथे एकाच सेटिंगला अनेक दारं आहेत. वर्ड किंवा एक्सेलच्या प्रिंट खिडकीतून केलेला बदल साधारणपणे तो प्रोग्रॅम उघडा असेपर्यंत टिकतो. प्रिंटरच्या नावावर जाऊन ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’मध्ये केलेला बदल त्या लॉगिनसाठी जतन होतो. आणि प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ या टॅबवर ‘प्रिंटिंग डिफॉल्ट्स’ नावाचं बटण आहे; तिथला बदल त्या यंत्रावरच्या सगळ्यांसाठी असतो आणि तो करायला ॲडमिनचे अधिकार लागतात. तिन्ही ठिकाणी उघडणारी खिडकी जवळजवळ एकसारखी दिसते. तेच टॅब, तेच पर्याय, तोच ओके. आपण कोणत्या दाराने आत आलो हे त्या खिडकीवर कुठे ठसठशीत लिहिलेलं नसतं. हा रचनेतला दोष आहे, वापरणाऱ्याच्या अकलेतला नव्हे.

त्यात आणखी एक मेख आहे. एखाद्या लॉगिनने प्रेफरन्सेसमध्ये स्वतःची निवड एकदा जतन केली, की नंतर सगळ्यांसाठी केलेला बदल सहसा त्याच्यापर्यंत पोचत नाही. ऑफिसच्या सिस्टीमवाल्याने सर्वांसाठी दोन्ही बाजूंनी छपाई लावली, दहाजणांकडे लागली आणि अकराव्याकडे नाही, तर त्याचं कारण बहुधा हेच. ‘डिव्हाइस सेटिंग्ज’ हा टॅब आणखी निराळा. जादा ट्रे किंवा दोन्ही बाजूंनी छापणारं डुप्लेक्स युनिट बसवलेलं आहे की नाही ते तिथे नोंदवलेलं असतं. ती नोंद नसेल तर पुढच्या खिडकीत तो पर्याय फिकट दिसतो किंवा दिसतच नाही, मग ट्रे डोळ्यांसमोर असला तरी.

2015 च्या नोव्हेंबरात विंडोज 10 मध्ये एक सोय आली: शेवटी वापरलेला प्रिंटर आपोआप डिफॉल्ट करायचा. घरी एकच प्रिंटर असणाऱ्याला तिचा त्रास नाही. ज्या दुकानात काउंटरवर बिलाचा थर्मल प्रिंटर आणि आत ए-फोरचा लेझर आहे, तिथे ती गोंधळ घालते. मालकाने आतून एक कोटेशन छापलं, की डिफॉल्ट बदलला. आणि डिफॉल्टवर विसंबणारं बिलिंग सॉफ्टवेअर पुढचं बिल आतल्या लेझरवर अख्ख्या पानावर काढतं. गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळत उभं. ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ ही खूण काढून टाकली की प्रश्न मिटतो. प्रिंटर-स्कॅनरच्या सेटिंगमध्ये ती आहे, आणि दोन प्रिंटर असलेल्या प्रत्येक दुकानात ती पहिल्या दिवशीच काढायला हवी.

फाइलसुद्धा सेटिंग बरोबर घेऊन फिरते, हे कमी लोकांना ठाऊक असतं. एक्सेल दर शीटचं पेज सेटअप त्या फाइलमध्येच ठेवतं, शिवाय ज्या प्रिंटरवर ती शेवटची मांडली गेली त्याच्या ड्रायव्हरची माहितीही. जिल्ह्याच्या ऑफिसातून आलेला तक्ता तालुक्याच्या प्रिंटरवर भलताच निघतो, तो याच कारणाने. मार्जिनचंही असंच. सर्वोच्च न्यायालयाच्या 5 मार्च 2020 च्या परिपत्रकाने ए-फोर कागद, किमान 75 जीएसएम, दोन्ही बाजूंनी छपाई, डावी-उजवीकडे 4 सेंटिमीटर आणि वर-खाली 2 सेंटिमीटर मार्जिन असा नियम घालून दिला. वकिलांच्या ऑफिसात ही मार्जिनं काहीजण प्रिंटरच्या खिडकीत शोधत बसतात. ती असतात वर्डच्या पेज सेटअपमध्ये, आणि तिथलं ‘सेट ॲज डिफॉल्ट’ बटण दाबल्यावरच ती प्रत्येक नव्या कागदाला लागू होतात. दोन्ही बाजूंची छपाई मात्र प्रिंटरच्या खात्यात येते. एकाच परिपत्रकातल्या दोन अटी दोन वेगळ्या ठिकाणी जतन कराव्या लागतात.

मॅक आणि लिनक्सवर चित्र थोडं बरं आहे. दोन्हींच्या मुळाशी कप्स ही छपाईची व्यवस्था आहे. मायकेल स्वीट यांनी ती 1990 च्या दशकाच्या अखेरीस उभी केली आणि 2007 मध्ये ॲपलने ती विकत घेतली. मॅकवर लागणारी सगळी जोडणी एका नावाने ‘प्रीसेट’ म्हणून ठेवता येते: ‘लेटरहेड’, ‘फोटो’, ‘मसुदा’. लिनक्सवर हाच फरक आज्ञा कोण देतो यावर ठरतो. साध्या वापरकर्त्याने पर्याय जतन केला तर तो त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये जातो, रूटने, म्हणजे ॲडमिनने, केला तर सगळ्या यंत्रासाठी. नियम एकदा कळला की तो दगा देत नाही.

बदल आणि जतन यांची सर्वांत प्रामाणिक फारकत लेबल आणि थ्रीडी प्रिंटरांत दिसते. कुरियरच्या पार्सलवरची चार बाय सहा इंची लेबलं छापणाऱ्या झेब्राच्या यंत्रांत छपाईचा गडदपणा किंवा वेग आज्ञा पाठवून बदलता येतो, पण ‘जेयूएस’ ही जतन करण्याची आज्ञा गेली नाही तर यंत्र बंद झाल्यावर तो बदल टिकेलच असं नाही. ‘जेयूआर’ने शेवटची जतन केलेली जोडणी परत येते, ‘जेयूएफ’ने कारखान्यातली. गोदामात वीज गेली आणि नंतरच्या लेबलांवरचे बारकोड फिके पडून स्कॅनर वाचेना, तर बारकोडचं सॉफ्टवेअर तपासण्याआधी ही एक आज्ञा तपासावी. थ्रीडी प्रिंटरांतल्या मार्लिन या 2011 पासूनच्या फर्मवेअरमध्येही चार आकडे पाठ असले की पुरे: एम-500 जतन करतं, एम-501 जतन केलेलं परत आणतं, एम-502 मूळ आकडे आणतं, एम-503 सध्याचे दाखवतं. एम-502 नंतर एम-500 दिलं नाही तर मूळ आकडे फक्त चालू मेमरीत येतात आणि यंत्र परत लावलं की जुनी चूक पुन्हा हजर. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोझलची उंची तासभर खपून जुळवायची आणि एम-500 न देता स्विच बंद करायचा, हा प्रसंग बहुतेक प्रत्येक नव्या बॅचवर एकदा येतोच.

मग प्रत्येक बदल आपोआपच जतन का करत नाहीत? टिकाऊ मेमरीला आयुष्य असतं. तिच्यावर लिहिण्याच्या खेपा मर्यादित असतात. जुन्या प्रकारच्या चिपसाठी हा आकडा साधारण लाखाच्या घरात धरतात. एप्सनच्या पावती प्रिंटरांच्या तांत्रिक पुस्तिकेत स्पष्ट सल्ला आहे की या मेमरीत दिवसाला 10 पेक्षा जास्त वेळा लिहू नये. बिलिंगचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने दर पावतीआधी लोगो नव्याने जतन करण्याची ओळ घातली, तर गर्दीच्या दुकानात ही दहाची मर्यादा अर्ध्या तासात ओलांडली जाईल. जर्मनीतल्या बोखुम इथल्या रूर विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये 20 नेटवर्क प्रिंटरांवर उलट प्रयोग केला: कायमची सेटिंग सारखी बदलत राहायची. 24 तासांच्या आत 8 यंत्रांनी मेमरी खराब झाल्याचं दाखवलं, त्यातली काही पुन्हा कामाची राहिली नाहीत. नेटवर्कवर उघडा पडलेला प्रिंटर कुणीही दुरून मारू शकतो, हा त्या कामातला गंभीर धडा. 2018 च्या नोव्हेंबरात जगभरातल्या हजारो उघड्या प्रिंटरांतून एका यूट्यूबरच्या प्रचाराचे कागद आपसूक बाहेर आले, तेही अशाच उघड्या दारातून.

मराठी छापणाऱ्यांची एक वेगळी अडचण आहे. पीडीएफमध्ये पडद्यावर व्यवस्थित दिसणारी जोडाक्षरं कागदावर तुटतात, वेलांटी भलत्या अक्षरावर जाते, रफार गायब होतो. कित्येकदा दोष प्रिंटरला पाठवल्या जाणाऱ्या फॉन्टचा असतो. पीडीएफ वाचकाच्या प्रिंट खिडकीत ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘प्रिंट ॲज इमेज’ ही खूण आहे. ती केली की अक्षरं चित्र म्हणून जातात आणि तुटत नाहीत. छपाई थोडी मंदावते, इतकंच. ड्रायव्हरमध्येही ट्रूटाइप फॉन्ट चित्ररूपाने पाठवण्याचा पर्याय अनेकदा असतो आणि तो प्रेफरन्सेसमध्ये कायमचा जतन करता येतो. सेवा केंद्रांत दाखले आणि उतारे दिवसभर छापले जातात. तिथे ही एक गोष्ट जतन करून ठेवली तर अर्जदाराला तुटक्या नावाचा कागद घेऊन परत यावं लागणार नाही.

डिफॉल्टची ताकद किती असते याचं मोजमाप स्वीडनमध्ये झालं आहे. योहान एगेबार्क आणि माथियास एकस्ट्रॉम या अर्थतज्ज्ञांनी एका विद्यापीठात दोन उपाय ताडून पाहिले: कागद वाचवा असं कर्मचाऱ्यांना आवाहन करणं आणि प्रिंटरची मूळ सेटिंग एका बाजूवरून दोन बाजूंवर नेणं. आवाहनाचा काही परिणाम झाला नाही. सेटिंग बदलताच कागदाचा वापर 15 टक्क्यांनी घटला आणि घटलेलाच राहिला, जरी कुणालाही एका क्लिकवर परत एकतर्फी छापता येत होतं. आपल्याकडे ‘कागद वाचवा’चे फलक प्रिंटरवर चिकटवले जातात. फलक चिकटवायला लागतो तेवढ्याच वेळात ‘प्रिंटिंग डिफॉल्ट्स’मध्ये डुप्लेक्स लावून होतं. फक्त उभ्या पानासाठी ‘लाँग एज’ निवडलंय ना ते पाहावं, नाहीतर मागची बाजू उलटी येते.

नेटवर्क प्रिंटरच्या ‘ऑफलाइन’ होण्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. राउटर परत सुरू झाला की तो प्रिंटरला नवा पत्ता देऊ शकतो आणि संगणक जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतो. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकल्याने ते तात्पुरतं जुळतं, पुढच्या वेळी परत तेच. राउटरमध्ये त्या प्रिंटरचा पत्ता राखून ठेवला की हा विषय संपतो. पत्ता राखतानाच प्रिंटरच्या वेब पानाचा कारखान्यातला पासवर्डही बदलून घ्यावा.

इतकं सगळं जुळवल्यावर त्याची प्रत ठेवायला हवी, आणि हा भाग सर्वांत दुर्लक्षित आहे. जवळजवळ प्रत्येक ऑफिस प्रिंटर कॉन्फिगरेशन पेज छापून देतो: नेटवर्कचा पत्ता, फर्मवेअरची आवृत्ती, ट्रेची मापं, बसवलेली मेमरी. थर्मल प्रिंटर फीडचं बटण दाबून सुरू केला की तोही असाच एक तुकडा देतो. मोठ्या यंत्रांतून सगळी जोडणी फाइलमध्ये काढून दुसऱ्या यंत्रात भरताही येते. झेरॉक्स कंपनीच्या यंत्रांत तिला क्लोन फाइल म्हणतात. फोटोकॉपीच्या दुकानांत परदेशातून आलेली सेकंडहँड यंत्रं मोठ्या संख्येने चालतात. त्यांच्यात लेटरचे ट्रे आणि कधी कधी आधीच्या मालकाची ॲड्रेस बुकसुद्धा जशीच्या तशी असते. 2010 मध्ये अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीने वापरलेली कॉपियर यंत्रं विकत घेऊन त्यांच्या हार्ड डिस्कवरून पोलिसांचे आणि रुग्णांचे कागद बाहेर काढून दाखवले होते. त्या प्रकरणातल्या एका आरोग्य विमा संस्थेला 2013 मध्ये 12 लाख डॉलरहून जास्त रक्कम भरावी लागली. यंत्र विकताना कारखान्याची सेटिंग परत आणणं आणि डिस्क पुसणं हीसुद्धा दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याने दुसरं होईलच असं नाही.

पुढच्या काळात या दारांची मांडणीच बदलणार आहे. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर 2023 मध्ये जाहीर केलं की कंपन्यांचे स्वतंत्र प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्याने थांबेल आणि 2027 पासून त्या वाटेने फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येतील. 2021 च्या ‘प्रिंटनाइटमेअर’ या त्रुटीने विंडोजच्या छपाई व्यवस्थेतली भगदाडं जगाला दिसली होतीच. नव्या पद्धतीत प्रिंटर स्वतःच संगणकाला आपली क्षमता सांगतो आणि एकच सामाईक ड्रायव्हर सगळ्यांना पुरतो. घरच्या इंकजेटला हे सोयीचं आहे. पण पासबुक प्रिंटर, कंटिन्युअस स्टेशनरीवरची डॉट मॅट्रिक्स यंत्रं आणि जुने लेबल प्रिंटर आपापल्या खास ड्रायव्हरवर आणि त्यात जतन केलेल्या कागदाच्या मापांवर चालतात. विंडोज 11 मधला ‘प्रोटेक्टेड प्रिंट’ हा मोड चालू केला की अशी यंत्रं यादीतून निघून जातात आणि मोड बंद केल्यावर ती नव्याने बसवावी लागतात. सध्या हा मोड मुळात बंदच असतो. ज्या पतसंस्थेत किंवा दुकानात अशी यंत्रं आहेत, तिथे तो चालू करण्याआधी कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवून पेनड्राइव्हवर घ्यावा आणि हाताने तयार केलेल्या प्रत्येक कागदाचं माप, त्याचं नाव आणि मार्जिन वहीत लिहून ठेवावं.